ग्रामपंचायत पोटनिवडणूक (कोकण)

ग्रामपंचायतीची टर्म 5 वर्षांची असते. मधेच कोणा मेंबरची सीट रिकामी झाली की ती भरायला लागते ती पोटनिवडणूक. सगळा कारभार 1958 च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमावर चालतो आणि मतदान घेतं राज्य निवडणूक आयोग. गावातल्या चार जाणत्यांनी ठरवून कोणाला तरी खुर्चीत बसवलं असं कायद्यात चालत नाही.

सीट रिकामी होते ती मृत्यूमुळे, राजीनाम्यामुळे (मेंबर सरपंचाकडे देतो, सरपंच पंचायत समितीच्या सभापतीकडे) नाहीतर अपात्र ठरल्यामुळे. अपात्रतेची कारणं मजेशीर आहेत, म्हणजे दोनपेक्षा जास्त मुलं, सरकारी जागेवर अतिक्रमण हे तर आहेच पण निवडणूक खर्चाचा हिशोब 30 दिवसात दिला नाही म्हणूनही माणूस घरी जातो, भले त्याने खर्च केलेला असो चहा-वड्यापुरता. राखीव सीटवाल्याची अडचण वेगळीच. फॉर्मला जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याच्या पावतीची झेरॉक्स जोडून तो निवडून येतो, पण जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही की पद गेलं. ही मुदत आधी 6 महिने होती, 2018 ला 12 केली.

रिक्त जागेची माहिती तहसीलदार, कलेक्टर करत आयोगाकडे जाते आणि आयोग सगळ्या राज्याचा कार्यक्रम एकदम लावतो, त्यामुळे एका सीटसाठी गावाला बरेच महिने थांबावं लागतं. आरक्षण आधीचंच राहतं. उमेदवार 21 वर्षांचा हवा आणि गावच्या मतदार यादीत हवा, प्रभाग कुठलाही चालतो. निवडून आलेल्याला उरलेलीच टर्म मिळते.

कोकणात खरी भानगड पुढे आहे. तरणी माणसं मुंबईला, वाडीत म्हातारीकोतारी, त्यात सीट राखीव निघाली आणि त्या प्रवर्गाचं एखादंच घर गावात असलं तर फॉर्म भरणार कोण? जिथे माणूस मिळतो तिथे आधी देवळात गावकीची बैठक बसते, मुंबईकर मंडळाला फोन जातो, मग कोणीतरी म्हणतं "ह्या खेपेक वरच्या वाडीक देवया" आणि बाकीचे अर्ज मागे. एकच वैध अर्ज उरला की बिनविरोध, मतदानच नाही. पेपरात याला एकोपा म्हणतात, पण बैठकीत बायकांना कितपत विचारलं हे कोणी छापत नाही.

मालवण, चिपळूणसारख्या नगरपरिषदांत कायदा वेगळा (1965 चा), तरी रिकामी सीट पोटनिवडणुकीनेच भरतात. स्वीकृत (मतदानाने न येता नेमलेला) नगरसेवक हा प्रकार निराळा, तो या जागी बसवता येत नाही.

आणि एकही अर्ज आला नाही तर? सीट तशीच राहते. कोरम भरला की पंचायतीच्या मीटिंगा चालू, वाडीतल्या नळाची तक्रार घेऊन लोक शेजारच्या प्रभागाच्या मेंबरकडे जातात आणि आयोगाच्या पुढच्या यादीत तोच प्रभाग परत येतो.