स्टोरहामार: आधी छप्पर, मग करंडक

नॉर्वेतल्या म्योसा सरोवराच्या पूर्व काठावर हामार नावाचं शहर आहे. लोकवस्ती तीस हजारांच्या आसपास. एवढ्याशा शहरात सहा-सात हजार प्रेक्षक बसतील असं बंदिस्त बर्फाचं स्टेडियम आहे, म्हणजे दर पाच माणसांमागे एक खुर्ची. सगळे त्याला ‘आम्फी’ म्हणतात. स्टोरहामार या आइस हॉकी क्लबची गोष्ट या इमारतीपासूनच सांगावी लागते. क्लब १९५७ सालचा, आम्फी १९९२ सालचं आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९९५ सालचं. पस्तीसहून जास्त वर्षं करंडक नव्हता आणि छप्पर आल्यावर तीन वर्षांत तो मिळाला, हा योगायोग नाही.

नॉर्वेच्या आइस हॉकी संघटनेची स्थापना १९३४ ची, तर राष्ट्रीय अजिंक्यपद सुरू झालं १९३५ मध्ये. पहिला विजेता ऑस्लोचा त्रिग हा क्लब. त्यानंतरची कित्येक दशकं हा खेळ ऑस्लो आणि आसपासच्या क्लबांच्याच हाती राहिला. राजधानीत पैसा जास्त होता हे एक कारण, पण मोठं कारण बर्फ. उघड्या मैदानावर नैसर्गिक बर्फ करायचा म्हणजे कडाक्याच्या थंडीत रात्री पाण्याचा पातळ थर द्यायचा, तो पूर्ण गोठू द्यायचा आणि मगच पुढचा द्यायचा. घाई करून जाड थर दिला तर वरची साय गोठते, खाली पोकळी राहते आणि स्केट आत रुततं. बर्फ पडला की आधी फावड्यांनी मैदान साफ करायचं, मग सराव. चार दिवस पारा शून्याच्या वर राहिला की सगळी मेहनत पाण्यात.

कृत्रिम बर्फाखाली काँक्रीटच्या लादीत नळ्यांचं जाळं असतं. त्यातून उणे दहा अंशांच्या आसपास थंड केलेलं मिठाचं पाणी किंवा ग्लायकोल खेळवतात आणि वर तीन-चार सेंटिमीटर जाडीचा बर्फ धरून ठेवतात. १९५२ च्या ऑस्लो हिवाळी ऑलिंपिकसाठी ऑस्लोतलं योर्डाल आम्फी हे स्टेडियम असंच उभं राहिलं, तेही सुरुवातीला उघड्यावरच. पुढे ते वोलेरेंगा क्लबचं घर झालं. या क्लबची २६ राष्ट्रीय विजेतेपदं हा आजही नॉर्वेतला उच्चांक आहे. आठवड्यातून चार दिवस हमखास बर्फ मिळणारा मुलगा आणि थंडीची वाट बघणारा मुलगा यांच्यात पंधराव्या वर्षापर्यंत पडलेलं अंतर नंतर भरून निघत नाही.

हामारचं नशीब लिलेहामरच्या १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकमुळे पालटलं. लाकडी कमानींवर छप्पर तोललेलं हामारचं आम्फी फिगर स्केटिंग आणि शॉर्ट ट्रॅक स्केटिंगसाठी बांधलं गेलं. ऑलिंपिकचे हॉकी सामने तिथे झालेच नाहीत. ते लिलेहामरला आणि म्योसाच्या पलीकडे योविकला, डोंगर पोखरून केलेल्या सभागृहात झाले. पण फिगर स्केटिंगचा ६० × ३० मीटरचा बर्फ हॉकीलाही चालतो. भोवतीच्या फळ्या लावल्या, लाल-निळ्या रेषा आखल्या की रिंक तयार. पाहुणे गेले आणि छप्पर क्लबसाठी राहिलं.

निकाल लगेच दिसला. १९९४ चं अजिंक्यपद लिलेहामरने जिंकलं आणि १९९५, १९९६, १९९७ अशी सलग तीन स्टोरहामारने. चार वर्षं करंडक म्योसाकाठच्या दोन गावांतच फिरला. पुढे २०००, २००४ आणि २००८ ही वर्षंही स्टोरहामारची. १९९९ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचे काही सामनेही हामारला झाले.

इथे एक खुलासा हवा, कारण विजेत्यांच्या याद्या वाचताना गोंधळ होतो. नॉर्वेत साखळीत पहिला येणारा संघ वेगळा आणि राष्ट्रीय विजेता वेगळा. विजेता बाद फेरीतून ठरतो आणि तिथल्या लढती सातपैकी चार सामने जिंकण्याच्या असतात. बाद फेरीत बरोबरी सुटत नसेल तर २०-२० मिनिटांचे जादा डाव होतात आणि पहिला गोल पडला की सामना संपतो. गोल पडेपर्यंत थांबायचं नाही. शूटआउटची, म्हणजे एकेका खेळाडूने गोलरक्षकासमोर एकट्याने फटका मारून निकाल लावण्याची, पळवाट नाही.

या नियमानेच १२ मार्च २०१७ ची रात्र घडवली. उपांत्यपूर्व फेरीतला पाचवा सामना, समोर सार्प्सबोर्गचा स्पार्टा. रविवारी संध्याकाळी सुरू झालेला सामना सोमवारी पहाटे अडीचच्या सुमारास संपला. आठव्या जादा डावात १७ मिनिटं १४ सेकंद झाली असताना योआकिम येन्सेनने गोल केला आणि स्टोरहामारने २-१ अशी बाजी मारली. घड्याळावर २१७ मिनिटं १४ सेकंद. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला सर्वांत लांब सामना १९३६ चा, डेट्रॉइट विरुद्ध मॉन्ट्रियल मरून्स, तो १७६ मिनिटं ३० सेकंदांचा. त्यापेक्षा हा ४० मिनिटांहून अधिक लांबला.

इतका वेळ गोल का पडला नाही? एक तर एका चुकीने सामना जातो म्हणून प्रशिक्षक बचाव घट्ट करतात. दुसरं म्हणजे पाय. आइस हॉकीत खेळाडू साधारण ४५ सेकंद जीव तोडून पळतो आणि बाकावर येतो, पण शंभर मिनिटांनंतर तो वेग उरत नाही. घामावाटे पाणी आणि मीठ गेलं की पोटऱ्यांत गोळे येतात. गोलरक्षकाला तर अशी मधूनमधून बाकावरची विश्रांतीही मिळत नाही. त्याच्या अंगावरचे पॅड घाम पिऊन जड होतात.

तिसरं कारण पुन्हा बर्फच. प्रत्येक डावात स्केटच्या धारेने बर्फाचा भुगा होतो. १६०-१७० ग्रॅमचा पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, त्यात अडखळतो, उडतो, पास चुकतो. म्हणून मध्यंतरात यंत्र फिरतं. ते वरचा पातळ थर तासतं, भुगा उचलतं आणि मागच्या कापडाने गरम पाणी पसरतं. पाणी गरमच लागतं. ते खालचा थर किंचित वितळवून त्याला चिकटतं, थंड पाणी नुसतं वर बसतं आणि पापुद्र्यासारखं निघतं. त्या रात्री दहा मध्यंतरं झाली, म्हणजे दहा वेळा हे चक्र. स्केटची पाती जेमतेम तीन मिलिमीटर रुंद, तळाला खोबण, दोन्ही बाजूंना धार. ती बोथट झाली की वळताना पाय घसरतो, म्हणून मध्यंतरात सामान सांभाळणाऱ्या माणसाचं धार लावण्याचं यंत्र चालू असतं. अशा रात्री संघ त्याच्यावर किती विसंबून असतो ते गुणफलकावर दिसत नाही.

खेळाडूंमध्ये नव्वदच्या दशकातला एरिक क्रिस्तियानसेन, सगळ्यांचा ‘युप’, आजही हामारमध्ये आदराने आठवला जातो. पण क्लबचं नाव सर्वांत दूर नेलं ते पॅट्रिक थोरेसनने. वडील पेटर १९८० ते १९९४ अशी पाच ऑलिंपिक खेळले, नंतर राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. पॅट्रिक हामारच्या बर्फावर घडला, एनएचएलमध्ये एडमंटन आणि फिलाडेल्फियाकडून खेळला आणि २०११ मध्ये रशियात उफाच्या संघाबरोबर तिथल्या लीगचा गागारिन चषक जिंकला. अशी कारकीर्द झालेले खेळाडू बहुतेक स्वीडन किंवा स्वित्झर्लंडमध्येच थांबतात. तो २०१७ मध्ये परतला आणि २०१८ मध्ये, दहा वर्षांच्या खंडानंतर, स्टोरहामारने करंडक उचलला. पुढचा करंडक आला २०२४ मध्ये.