गृहकर्ज थकल्यावर घर वाचवण्याचे मार्ग (ठाणे आणि नवी मुंबई)

गृहकर्जाचे हप्ते थकल्यास बँक किंवा गृहवित्त कंपनी तारण घराचा ताबा घेऊन ते लिलावात विकू शकते. २००२ च्या सरफेसी कायद्यामुळे यासाठी तिला आधी दिवाणी न्यायालयात जावे लागत नाही. ही कारवाई ठरलेल्या टप्प्यांनी होते आणि प्रत्येक टप्प्याला कर्जदाराच्या हातात काही ना काही असते. मात्र सुरुवातीला जे मागून मिळते, ते पुढे भांडूनही मिळेलच असे नाही.

हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरते. त्यानंतर एक-दोन हप्ते भरून खाते पूर्ववत होत नाही. व्याजासह सगळी थकबाकी भरावी लागते. म्हणून खरी बोलणी या ९० दिवसांच्या आत, शक्यतो पहिला हप्ता चुकण्यापूर्वी व्हायला हवीत. नोकरी गेल्याचा किंवा आजारपणाचा पुरावा जोडून शाखेला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. वसुलीवाल्याशी फोनवर झालेल्या बोलण्याला कागदावर किंमत नसते.

या टप्प्यावर मुदतवाढ किंवा कर्जाची पुनर्रचना मागता येते. ती देणे बँकेच्या धोरणावर असते आणि ती फुकट नसते. साडेआठ टक्के व्याजाच्या ४० लाखांच्या कर्जाचा हप्ता २० वर्षांसाठी सुमारे ३४,७०० रुपये येतो, ३० वर्षांसाठी सुमारे ३०,७५०. महिन्याला चार हजार वाचतात, पण एकूण व्याज जवळपास २७ लाखांनी वाढते. उत्पन्नाची अडचण तात्पुरती असेल तरच हा सौदा परवडतो. कमी व्याजाच्या बँकेकडे कर्ज हलवणे हाही उपाय आहे, पण हप्ते थकल्यावर दुसरी बँक सहसा दारात उभे करत नाही. कर्जदाराचा मृत्यू झाला असेल तर वारसांनी सर्वांत आधी कर्जासोबत विमा काढला होता का ते पाहावे. हप्त्यातच त्याचे पैसे कापले जात होते, हे पुष्कळ घरांत कोणाला ठाऊकच नसते.

उत्पन्न पुन्हा सुरू होण्याची चिन्हे नसतील, तर घर स्वतः विकणे हा ठाणे-नवी मुंबईत बहुधा सर्वांत कमी नुकसानीचा मार्ग ठरतो. घोडबंदर रोड किंवा नेरुळला बऱ्याच वर्षांपूर्वी घेतलेल्या फ्लॅटची किंमत उरलेल्या कर्जापेक्षा सहसा बरीच जास्त असते. बँकेकडून बाकी रकमेचे पत्र आणि तिच्याकडील कागदपत्रांची यादी घ्यायची. खरेदीदार किंवा त्याची बँक ती रक्कम थेट कर्जखात्यात भरते आणि उरलेले पैसे विक्रेत्याला मिळतात. नवी मुंबईत याला एक फाटा आहे. इथली बरीच जमीन सिडकोने ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असल्याने अशा ठिकाणी सोसायटीबरोबर सिडकोचीही परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागते. त्यात जाणारे आठवडे आधीच हिशेबात धरावे लागतात.

खाते एनपीए झाल्यावर बँक सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची, थकबाकी भरण्यासाठी ६० दिवसांची नोटीस देते. तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. उरलेली बाकी मुद्दल आणि व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या २० टक्क्यांहून कमी असेल, तर हा कायदा लागूच होत नाही. हरकतीत हे जरूर तपासावे. एकरकमी तडजोडीचा, ज्याला सगळे ओटीएस म्हणतात, प्रस्तावही याच काळात देता येतो. बँकेने तो मान्य करावाच असा हक्क मात्र नाही, आणि तडजोडीची नोंद पतअहवालात राहते.

६० दिवसांनंतर दारावर नोटीस चिकटते व दोन वृत्तपत्रांत जाहिरात येते. हा प्रतीकात्मक ताबा असतो, घरातली माणसे घरातच असतात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक बहुधा जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते: ऐरोली ते बेलापूरसाठी ठाण्याला, खारघर-पनवेलसाठी रायगडला. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. मुंबईच्या तीन न्यायाधिकरणांपैकी तिसरे वाशीत आहे. नुसत्या अर्जाने कारवाई थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती देताना बऱ्याचदा काही रक्कम भरायला सांगतात. तिथे हरल्यास अपिलासाठी कर्जाच्या निम्मी रक्कम जमा करावी लागते. ती २५ टक्क्यांपर्यंतच कमी होऊ शकते. वकिलाने ‘स्टे नक्की मिळेल’ म्हटले, तर हा आकडा आठवावा.

पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता येई. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो. यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिलेला निकाल नवी मुंबईतल्याच, शिरवण्याच्या एमआयडीसी भूखंडाचा होता: सेलिर (लिलावातला खरेदीदार) विरुद्ध बाफना मोटर्स (कर्जदार). लिलावातल्या बोलीपेक्षा अधिक रक्कम द्यायला कर्जदार तयार होता, तरी जाहिरातीनंतर हक्क संपला, असे न्यायालयाने ठरवले.

सहकारी बँकांनाही सरफेसी लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. पतसंस्थांची वाट वेगळी आहे: त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेतात. त्या सुनावणीची नोटीस साधी समजून गैरहजर राहिल्यास दाखला एकतर्फी निघतो.

लिलावात बँकेच्या बाकीपेक्षा जास्त रक्कम आली तर वरची रक्कम कर्जदाराची असते, कमी आली तर तूट त्याच्याकडूनच वसूल होते. कर्ज पूर्ण फिटले, मग ते हप्त्यांनी असो वा तडजोडीने, की बँकेने ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत द्यायची असतात. तिच्यामुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागता येते.