मंदी आली की पोरं दुःखी? असं थेट काय नसतंय

आपल्या सोलापुरात हे लई ऐकायला मिळतं, टॉवेलला ऑर्डर नाय, माग बंद, आता पोरांच्या तोंडावरचं हसू गेलंच म्हणून समजा. मिला बंद पडलेल्या बघितलेल्या गावाला ते पटतं पण लगेच. पण बाजार बसला की सगळी पोरं आपोआप खचतात, हे खरं नाय.

अमेरिकेत आठवी, दहावी, बारावीच्या पोरांना दरवर्षी सर्व्हेत विचारतात, किती खूश आहेस म्हणून. 2009 ला तिथं बेरोजगारी 10 टक्क्यांवर गेली तरी तो आकडा काय धाडकन आपटला नाही, घसरला तो 2012 नंतर, म्हणजे नोकऱ्या परत मिळायला लागल्यावर! मोबाईलमुळं का आणखी कशामुळं, यावर तिकडं अजून भांडणं चालूच आहेत.

मग तंगीनं काहीच होत नाय का बे? होतं की. अमेरिकेतल्याच आयोवा राज्यात 1980 च्या दशकात शेतकरी कर्जात बुडाले, त्यानंतर रँड काँगर नावाचे संशोधक आणि त्यांच्या टीमनं तिथली कुटुंबं अभ्यासली, तर दिसलं असं की पैसा आटला की आईबाप चिडचिड करतात, एकमेकांवर घसरतात, मग पोरांवर ओरडतात, आणि पोरगं खचतं ते जास्त करून ह्या वाटेनं.

आता लगेच "गरिबीतच खरं सुख" वाले उड्या मारतील, तेही चूकच. सर्व्हेतली सरासरी सगळ्या पोरांची असते, त्यात बापाचा माग सुटलेलं आणि आईच्या विड्यांवर घर चालणारं एक पोरगं दिसतच नाय.