सोनं गेलं, सोमल राहिला

कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये, ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या काठावर, यलोनाइफ शहराला लागूनच जायंट ही सोन्याची खाण आहे. 1948 मध्ये इथे सोन्याची पहिली वीट ओतली गेली आणि 2004 मध्ये खाण कायमची बंद झाली. मालक कंपनीने 1999 मध्येच दिवाळं काढलं होतं. त्यामुळे ओस पडलेली कामगार वसाहत, यंत्रं आणि जमिनीखालचं सगळं सरकारच्या गळ्यात पडलं. त्यातलं जमिनीखालचं प्रकरण फार भयंकर आहे. तिथे 2,37,000 टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे आपल्याला माहीत असलेला सोमल, भुकटीच्या रूपात साठवलेला आहे.

सोन्याच्या खाणीत विष आलं कुठून? इथलं बरंचसं सोनं आर्सेनोपायराइट या खनिजात अडकलेलं होतं. लोखंड, आर्सेनिक आणि गंधक यांचं हे संयुग. सोन्याचे कण त्यात इतके सूक्ष्म की धातुक, म्हणजे सोनं असलेला खडक, कितीही बारीक दळलं तरी सोनं विरघळवून घेणारं सायनाइडचं द्रावण त्यांच्यापर्यंत पुरेसं पोहोचत नाही. म्हणून धातुक आधी भट्टीत भाजावं लागे. उष्णतेने खनिज फुटतं, सच्छिद्र होतं आणि सोनं मोकळं होतं. पण गंधक आणि आर्सेनिक हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून वायुरूपात बाहेर पडतात. थंड झाल्यावर त्या आर्सेनिकची पांढरी भुकटी होते. तिला चव नाही, वास नाही आणि ती पाण्यात विरघळते.

सुरुवातीची दोनेक वर्षं हा धूर सरळ धुराड्यातून सोडला जात होता. भुकटी बर्फावर बसायची, आणि आसपासचे यलोनाइव्ह्ज डेने हे मूलनिवासी लोक पाण्यासाठी तोच बर्फ वितळवायचे. 1951 मध्ये त्यांचं एक लहान मूल आर्सेनिकच्या विषबाधेने दगावलं. त्यानंतर धुरातली भुकटी पकडणारी यंत्रणा बसली. हवा बरीच सुधारली, पण पकडलेल्या भुकटीचं काय करायचं? ती खडकात खोदलेल्या दालनांत आणि धातुक काढून रिकाम्या झालेल्या पोकळ्यांत भरायची असं ठरलं. इथली जमीन बारा महिने गोठलेली असते, तेव्हा बर्फच भुकटीला कोंडून ठेवील, असा हिशेब होता.

तो हिशेब खाणीनेच मोडला. खोदकामामुळे आणि आत खेळणाऱ्या हवेमुळे खडक तापत गेला, गोठलेला थर वितळला. शिवाय बेकर क्रीक हा ओढा खाणीच्या आवारातूनच वाहत सरोवराला मिळतो. आज खाणीत झिरपणारं पाणी सतत उपसून, आर्सेनिक काढून मगच सोडावं लागतं. उपसा थांबला तर पाणी चढत चढत दालनांपर्यंत पोहोचेल.

मग भुकटी उकरून बाहेर का काढत नाहीत? इतकी बारीक विषारी धूळ हलवायची म्हणजे कामगारांच्या जिवाशी खेळ, आणि ती नेऊन ठेवायची तरी कुठे? त्याऐवजी दालनांभोवतीचा खडक पुन्हा गोठवायचा मार्ग निवडला गेला. त्यासाठी थर्मोसायफन नावाच्या बंद नळ्या जमिनीत उभ्या पुरतात. आत दाबाखाली कार्बन डायऑक्साइड असतो. हिवाळ्यात वरच्या टोकाला कडाक्याची थंडी लागली की त्याचा द्रव होऊन खाली उतरतो, खडकातली उष्णता घेऊन पुन्हा वायू होतो, वर जाऊन ती हवेत सोडतो. वीज नाही, पंप नाही. उन्हाळ्यात वरची हवा तापली की हे चक्र आपोआप थांबतं, त्यामुळे बाहेरची उष्णता या वाटेने आत शिरत नाही. मला ही युक्ती फार आवडते. मात्र ती चालते थंडीच्या जिवावर, आणि उत्तर ध्रुवाकडचे प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा वेगाने तापत आहेत. आराखड्यात त्याची तजवीज आहे. तरी थंडीच्या भरवशावर एकदा फसलेल्या जागीच आपण पुन्हा थंडीवर भिस्त ठेवतोय, हेही खरंच.

खर्चाचा अंदाज 400 कोटी कॅनेडियन डॉलरच्या वर गेलाय. खाणीतून एकूण सुमारे 70 लाख औंस, म्हणजे साधारण 220 टन सोनं निघालं. किलोभर सोन्यामागे टनाहून जास्त सोमल, असं हे प्रमाण पडतं. शिवाय गोठवल्याने भुकटी नष्ट होत नाही, फक्त जागच्या जागी राहते. म्हणून या कामावर नजर ठेवणारं एक स्वतंत्र मंडळ कायमच्या उपायांवर संशोधन करवून घेतं. आर्सेनिक काचेत बंदिस्त करणं हा त्यातला एक पर्याय. तोवर नळ्यांची देखभाल आणि पाण्याचा उपसा चालूच ठेवावा लागणार आहे.