‘ग्लस’: हिरवा आणि करडा एकाच शब्दात

आयरिश भाषेत ‘फेर ग्लस’ म्हणजे हिरवं गवत आणि ‘कापल ग्लस’ म्हणजे करडा घोडा. विशेषण एकच. कोशात याच शब्दापुढे निळसर, कच्चा, कोवळा, नवखा असेही अर्थ सापडतात. शब्द ढिला वाटतो, पण तसा तो नाही. पालवी, ढगाळ दिवसाचा समुद्र, मेंढीची लोकर अशा निसर्गातल्या थंड, ओल्या छटा तो एका मुठीत धरतो. रंगवलेल्या कापडाच्या हिरव्याला आयरिशमध्ये ‘उअन्या’ म्हणतात आणि पिकलेल्या केसांना ‘लीअ’. शेजारच्या वेल्शमध्ये ‘ग्लस’ आज मुख्यतः निळा झाला, तरी गवताच्या वेल्श नावात त्याचा हिरवा अर्थ टिकून आहे. अनेक भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचं आणि आपल्या ‘हरित’चं मूळ एकच मानतात.

खरी गंमत व्याकरणात आहे. आपण हिरवा, हिरवी, हिरवं असं शब्दाचं टोक बदलतो. आयरिशमध्ये लिंग शब्दाच्या तोंडाशी उमटतं. गाय, ‘बो’, स्त्रीलिंगी. म्हणून करडी गाय सांगताना ‘ग्लस’मधला ‘ग’ मऊ होऊन घशात घासला जातो. फार पूर्वी बहुतेक स्त्रीलिंगी नामं स्वरान्त होती आणि त्या स्वरामुळे पुढचं व्यंजन नरम पडे. इसवीसनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास शेवटची अक्षरं गळाली; नरमपणा मात्र राहिला. जुन्या आयरिशमध्ये मराठीसारखं नपुंसकलिंगही होतं, तेही पुढे गेलं. टोकाचे बदल अजिबात नाहीत असं मात्र नाही: करडे डोळे ‘सूल्या ग्लसा’, अधिक हिरवं ‘नीस ग्लशा’.

डोळ्यांवरून ‘कोलुम किल्ला’ नावाचा आयरिश संत आठवतो. ५६३ साली तो आयर्लंड सोडून स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या आयोना बेटावर गेला. त्याच्या तोंडी घातलेल्या मध्ययुगीन कडव्यात एक ‘ग्लस’ डोळा मागे वळून आयर्लंडकडे पाहतो. तिथे नाम द्वितीयेत असल्यामुळे ‘ग’च्या आधी अनुनासिक उच्चार आला आहे. आजच्या आयरिशमध्ये त्या जागी घासलेला ‘ग’ ऐकू येईल.

आणि ‘दुरून डोंगर साजरे’ ही आपली म्हण आयरिशमध्येही आहे. तिथे दूरचे डोंगर साजरे नसतात, ‘ग्लस’ असतात. इंग्रजीत त्यांना हिरवे म्हणतात. पण दुरून सह्याद्री पाहिलेल्या माणसाला त्यातला निळसर करडा रंगही लगेच दिसेल.