कोरडा कोपरा कुठे आहे?

नागपुरात मार्च महिना अर्धा उलटला की घरोघरी एकच काम निघते. गच्चीवरचा कूलर खाली उतरवायचा, टाकीच्या तळाशी बसलेला गाळ खरवडायचा, पंप पाणी फेकतो की नाही ते बादलीत धरून पाहायचे आणि ताट्यांमधले कुजलेले गवत काढून नवे भरायचे. काही वर्षांपूर्वी आमच्या कूलरची हवा एप्रिलमध्येच कोमट येऊ लागली. मी एका रविवारी तिन्ही ताट्यांचे गवत बदलले, नळी झटकून पुसली, पंपही नवा बसवला आणि हवा पुन्हा गार झाली. नेमके काय बिघडले होते ते मात्र कळले नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच त्रास सुरू झाला तेव्हा मी पहिल्याइतकाच अनभिज्ञ होतो. त्या वेळी आई म्हणाली, "सगळं बदलू नकोस. आधी पाणी कुठं पोचत नाही ते बघ."

मी कूलर तासभर चालवला, प्लग काढला आणि प्रत्येक ताटीवरून तळहात फिरवला. डावीकडच्या ताटीचा वरचा कोपरा कोरडा ठणठणीत होता. त्याच्या नेमक्या वर असलेल्या नळीची चार छिद्रे पांढऱ्या क्षाराने बुजलेली होती. सुईने ती मोकळी केली आणि दहा मिनिटांत कोपरा ओला झाला.

एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते, आणि कूलरमध्ये ती उष्णता ताटीतून आत ओढल्या जाणाऱ्या हवेतूनच घेतली जाते. पाण्याची वाफ होते, पण त्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात आणि हळूहळू छिद्रे बंद करतात. कोरड्या राहिलेल्या कोपऱ्यातून बाहेरची पंचेचाळीस अंशांची हवा जशीच्या तशी आत शिरते आणि बाकी ताट्यांनी गार केलेल्या हवेत मिसळते. हे सारे मला पुस्तकातून आधीच ठाऊक होते. पण आपल्या घरचा दोष कसा हुडकायचा, हे त्या कोरड्या कोपऱ्याने शिकवले. पहिल्या वर्षी मी तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, त्यामुळे कूलर दुरुस्त होऊनही माझ्या ज्ञानात काहीच भर पडली नव्हती.

अनुभवातून माणूस केव्हा शहाणा होतो, या प्रश्नावर डॅनियल काहनमन आणि गॅरी क्लाईन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये एकत्र लेख लिहिला. तज्ज्ञांच्या अंतःप्रेरणेवर किती विश्वास ठेवावा, याबद्दल दोघांची मते परस्परविरोधी होती. तरीही दोन अटींवर त्यांचे एकमत झाले. ज्या क्षेत्रात काम करायचे त्यात पुरेशी नियमितता असली पाहिजे, आणि आपण केलेल्या कृतीचा परिणाम पाहून शिकण्याची संधी मिळाली पाहिजे. भूलतज्ज्ञाला दिलेल्या औषधाचा परिणाम काही क्षणांत दिसतो. क्ष-किरण चित्र वाचणाऱ्या डॉक्टरला आपले निदान खरे ठरले की नाही, हे पुष्कळदा कळतही नाही. म्हणून वर्षे सारखीच भरली तरी दोघांचे शिकणे सारखे होत नाही. माझ्या मते घरकामाचे शैक्षणिक मोल नेमके येथे आहे. कार्यालयात केलेल्या कामाचा निकाल वर्षाअखेरीस, दहा कारणांची सरमिसळ होऊन हाती येतो. स्वयंपाकघरात तो दोन मिनिटांत तव्यावर दिसतो.

हे मला उशिरा समजले, कारण कूलर हे घरातल्या पुरुषांचे काम आणि कणीक बायकांचे, अशी वाटणी आमच्याकडेही होती. आईच्या मनगटाला प्लास्टर घातले गेले आणि सहा आठवडे पोळ्यांची जबाबदारी माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी कणीक घट्ट झाली आणि पोळ्या कडेने फाटल्या. दुसऱ्या दिवशी सैल झाली आणि पोळपाटाला चिकटली. तिसऱ्या दिवशी पाण्याचे प्रमाण बरोबर होते, तरी पोळी लाटताना आखडत होती, कारण मी कणीक मुरू दिली नव्हती. पीठ भिजवले की गव्हातील ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या प्रथिनांचे लवचीक जाळे तयार होते, मळल्यावर ते ताणलेले राहते आणि अर्ध्या तासात सैलावते. रोज बारा पोळ्या म्हणजे बारा लहान प्रयोग, प्रत्येकाचा निकाल लगेच समोर. चाळीस दिवसांत मी जितका सुधारलो, तितका नोकरीतल्या कोणत्याही प्रशिक्षणाने सुधारलो असेन असे मला वाटत नाही.

भांडी घासण्याच्या कामातून तर विज्ञानाची एक शाखा पुढे सरकली आहे. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे राहणाऱ्या आग्नेस पॉकेल्स (जन्म १८६२) यांना विद्यापीठात शिकता आले नाही, कारण त्या काळी तेथे मुलींना प्रवेश नव्हता. आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम करताना भांड्यांच्या पाण्यावर पसरणारा तेलकट थर त्या निरखत असत. विशीच्या सुमारास त्यांनी पत्र्याच्या एका उथळ भांड्यात पाणी भरले, त्यावर सरकणारी पट्टी आडवी ठेवली आणि पृष्ठभाग लहानमोठा करत, एक छोटी चकती पाण्यापासून सुटी करण्यास किती बल लागते ते तराजूने मोजले. थर पसरलेला असताना पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग पडद्यासारखा ताणून धरणारे बल, फारसा बदलत नाही, पण थर एका मर्यादेपलीकडे दाबला की पृष्ठताण झपाट्याने उतरतो, हे त्यांना आढळले. १८९१ मध्ये त्यांनी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिले आणि रॅले यांनी ते 'नेचर' नियतकालिकात छापून आणले. त्याच धर्तीच्या उपकरणावर पुढे काम करणाऱ्या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युअर यांना १९३२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तेलकट पाणी लाखो हातांनी पाहिले होते; आग्नेसबाईंनी ते मोजले.

अर्थात पोळ्या लाटल्याने किंवा भांडी घासल्याने कोणी आपोआप चांगला व्यवस्थापक होत नाही, आणि तसे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. एका ठिकाणी शिकलेले दुसरीकडे नेणे माणसाला अवघड जाते. मेरी गिक आणि कीथ होलिओक या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना आधी एका सेनापतीची गोष्ट वाचायला दिली होती. तो सैन्याच्या लहान तुकड्या करून त्या अनेक रस्त्यांनी एकाच किल्ल्यावर नेतो. मग त्यांना विचारले, की निरोगी भागाला इजा न करता किरणांनी पोटातील गाठ कशी नष्ट कराल? अनेक दिशांनी सौम्य किरण एकवटणे हे उत्तर, ती गोष्ट नुकतीच वाचूनही, थोड्यांनाच सुचले. 'त्या गोष्टीचा उपयोग करून पाहा' एवढे सांगताच बहुतेक विद्यार्थी उत्तरापर्यंत पोचले. म्हणजे अनुभव गाठीशी असणे पुरेसे नसते, त्यातले सूत्र शब्दांत मांडून हाताशी ठेवावे लागते. आईचे वाक्य माझ्यासाठी असे सूत्र ठरले. आमच्या कार्यालयात बिले रखडू लागली आणि सगळी पद्धत बदलण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा मी आधी आठवडाभर प्रत्येक फाइलवर टेबलागणिक आत-बाहेरच्या तारखा टाकायला लावल्या. कोरडा कोपरा एकच निघाला: एका सहीसाठी फाइल सरासरी चार दिवस थांबत होती.

एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार, सहा वर्षे आणि त्यापुढील वयोगटात घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे या कामांना देतात, तर ती करणारे पुरुष ८८ मिनिटे. घरकाम शिकवते म्हणून ते बायकांनी आनंदाने करावे, असा अर्थ कोणी यातून काढला तर तो अन्याय होईल. पाच तास राबून थकलेल्या माणसाजवळ निरखायला आणि मोजायला उसंतच उरत नाही. उलट वर्षानुवर्षे पाणी, धान्य, पैसा आणि वेळ यांचा मेळ घालणारी बाई नोकरीसाठी अर्ज करते, तेव्हा ती वर्षे 'खंड' म्हणून नोंदवली जातात, हे मला चुकीचे वाटते. आणि ज्या घरातल्या मुलग्यांना पोळपाटापासून दूर ठेवले जाते, त्यांची रोजची बारा प्रयोगांची शाळा बुडते.

प्लास्टर निघून दोन वर्षे झाली, तरी सकाळची कणीक माझ्याकडेच आहे. गेल्या महिन्यात लोकवन संपून शरबती गहू आला आणि पहिल्या दिवशी पोळ्या पुन्हा कडेने फाटल्या. दुसऱ्या दिवशी मी फक्त दोन चमचे पाणी वाढवले, बाकी काहीही बदलले नाही.