स्फुरद नसलेली स्फुरदीप्ती

पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात कुजक्या लाकडावर हिरवट उजेड दिसतो, कोकणच्या किनाऱ्यावर एखाद्या रात्री लाट निळी फुटते, आणि बघणारे म्हणतात, "फॉस्फरस चमकतोय." दोन्ही ठिकाणी चमक फॉस्फरसची नसते. लाकडावर बुरशी असते, लाटेत नॉक्टिल्युकासारखे सूक्ष्मजीव. काजव्याप्रमाणे त्यांच्याही शरीरात एका द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन उजेड पडतो.

हा घोळ मुळात नावाचा आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत बोलोन्याजवळ एक दगड सापडला. कोळशासोबत भाजून उन्हात ठेवला की तो अंधारात काही वेळ उजळत राही. अशा कुठल्याही वस्तूला तेव्हा 'फॉस्फरस' म्हणत. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ प्रकाश आणणारा. पुढे १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या एका किमयागाराला मूत्र आटवताना अंधारात चमकणारा पांढरा पदार्थ मिळाला आणि हळूहळू ते नाव त्या मूलद्रव्याचेच झाले. त्याची चमक मात्र हवेतल्या ऑक्सिजनशी होणाऱ्या अभिक्रियेची. तिला उन्हाची गरज नाही. तरीही ऊन साठवून उजळण्याच्या दगडाच्या गुणाला 'फॉस्फरसन्स' म्हटले गेले.

मराठीत तो शब्द 'स्फुरदीप्ती' झाला आणि गाठ आणखी घट्ट बसली. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद (म्हणजे फॉस्फरस), पालाश वाचणाऱ्याला स्फुरदीप्ती म्हणजे स्फुरदाची दीप्ती असेच वाटणार. 'स्फुर्' धातूचा अर्थ थरथरणे, चमकणे असा आहे, त्यामुळे शब्द व्युत्पत्तीने बरोबर आहे, असे त्याच्या बाजूने म्हणता येते. ते खरेही आहे. पण वाचणारा धातूपर्यंत जात नाही, पोत्यापर्यंत जातो. माझ्या मते 'विलंबित दीप्ती' म्हटले असते तर विद्यार्थ्यांचा बराच गोंधळ वाचला असता.

व्याख्याही एका जागी थांबली नाही. प्रतिदीप्तीसाठी 'फ्लुरोसन्स' हा शब्द १८५२ मध्ये आला, तेव्हा हिशोब वेळेचा होता: प्रकाश काढून घेताच विझते ती प्रतिदीप्ती, मागे रेंगाळते ती स्फुरदीप्ती. विसाव्या शतकात हा हिशोब इलेक्ट्रॉनच्या फिरकीवर (स्पिनवर) आला. प्रकाश घेऊन वरच्या ऊर्जापातळीवर गेलेल्या इलेक्ट्रॉनला खाली येताना फिरकी बदलावी लागली तर वाट अवघड होते आणि उजेड उशिरा निघतो. स्फुरदीप्ती म्हणायचे ते यालाच. या काटेकोर अर्थाने घड्याळाच्या काट्यावरचा किंवा भिंतीवरच्या चांदण्यांचा रेंगाळणारा हिरवा उजेड स्फुरदीप्तीत बसत नाही. तिथे ऊर्जा स्फटिकातल्या दोषांत अडकून राहते आणि खोलीतल्या उष्णतेने थोडीथोडी सुटते.

दिव्यांच्या धंद्यात 'फॉस्फर' हा शब्द वेगळाच चालला: ऊर्जा घेऊन उजेड देणारा कुठलाही पदार्थ म्हणजे फॉस्फर. जुन्या ट्यूबलाइटच्या आतल्या पांढऱ्या भुकटीत फॉस्फेट असे, पण पाऱ्याच्या वाफेतून निघणारे अतिनील किरण घेऊन दृश्य उजेड देण्याचे काम त्यात मिसळलेले अँटिमनी आणि मँगनीज करत. आज घराघरांत लागणाऱ्या पांढऱ्या एलईडीत निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर असतो. बंद दिव्यात दिसणारा पिवळा ठिपका तोच. तो सहसा इट्रियम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा स्फटिक असतो, त्यात किंचित सिरियम. फॉस्फरस त्यात नसतो, आणि चिप बंद होताच तो सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास विझतो.